प्रतिपक्षाची वाट अडवणारा पर्याय

आधी एक प्रश्न सोडवू, मग बोलू.

एका शहराच्या मुख्य चौकांत गेल्या वर्षी सीसीटीव्ही कॅमेरे बसवले गेले. त्यानंतरच्या वर्षभरात त्या शहरात दुचाकी चोरीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. यावरून दिसते, की कॅमेऱ्यांमुळे दुचाकींच्या चोऱ्या कमी झाल्या.

पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, वरील युक्तिवादाला सर्वांत जास्त बळकटी देते?

(अ) दुचाकींची चोरी ही त्या शहरातल्या नागरिकांची अनेक वर्षांची डोकेदुखी होती.
(आ) पोलिसांच्या नोंदी तपासल्या असता तक्रारी खरोखरच निम्म्यावर आल्याचे आढळते.
(इ) कॅमेरे बसवले त्याच महिन्यात पोलिसांनी रात्रीची गस्त दुप्पट केली.
(ई) शेजारच्या, जवळपास तेवढ्याच वस्तीच्या पण कॅमेरे नसलेल्या शहरात त्याच वर्षी दुचाकी चोरीच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत.
(उ) आधुनिक तंत्रज्ञानामुळे गुन्हेगारीला आळा बसतो, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

उत्तर (ई). बहुतेकांना ते येते. पण हेच का, असे विचारले की गडबड सुरू होते. कुणी म्हणतो ‘त्यात तुलना आहे म्हणून’, कुणी म्हणतो ‘बाकीचे पटत नाहीत म्हणून’. सोप्या प्रश्नात एवढ्यावर निभावते. अवघड प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात, दोन्ही पटतात, आणि ‘का’ माहीत नसलेला उमेदवार तिथे टॉस करून मोकळा होतो.

हा प्रश्नप्रकार जगभरच्या प्रवेशपरीक्षांचा लाडका आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या महाविद्यालयांसाठीची एलसॅट परीक्षा १९४८ पासून घेतली जाते. तिच्यातली ‘लॉजिक गेम्स’ नावाची कोडी ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकली गेली. आता गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन युक्तिवाद तपासण्याचे आहेत आणि प्रत्येकाला ३५ मिनिटे मिळतात. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅटमध्ये हेच प्रश्न ‘क्रिटिकल रीझनिंग’ या नावाने येतात. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेने २०२० पासून सुटी कोडी सोडून उताऱ्यांची वाट धरली, तेव्हापासून ‘बळकट करा’ आणि ‘कमकुवत करा’ हे प्रश्न तिथेही पक्के झाले. बँकांच्या अधिकारीपदाच्या परीक्षांतही ते भेटतात. स्पर्धापरीक्षांत फार पूर्वीपासून असलेला ‘विधान आणि युक्तिवाद’ हा प्रकार याचा चुलतभाऊ म्हणता येईल. पण तिथे दिलेला युक्तिवाद प्रबळ की दुर्बळ एवढेच ठरवायचे असते. इथे दुसऱ्याचा युक्तिवाद हाती घेऊन तो आणखी भक्कम करायचा असतो. काम वेगळे आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. उताऱ्यात दोन वस्तुस्थिती दिल्या आहेत: कॅमेरे बसले, त्यानंतर तक्रारी घटल्या. निष्कर्ष मात्र तिसराच आहे: कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या घटल्या. दिलेल्या माहितीपासून या निष्कर्षापर्यंत जाताना लेखकाने दोन उड्या मारल्या आहेत. एक ‘नंतर’पासून ‘मुळे’पर्यंत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल, ही शंका इथे येते. दुसरी उडी जरा लपलेली आहे: ‘तक्रारी’पासून ‘चोऱ्यां’पर्यंत. तक्रारी कमी झाल्या म्हणजे चोऱ्या कमी झाल्या असे नाही. लोकांनी पोलीस ठाण्याची पायरी चढणेच सोडले असेल. ही दुसरी उडी उतारा घाईत वाचणाऱ्याला दिसत नाही. अवघड प्रश्न बेतणारे नेमका तिचाच फायदा घेतात.

बळकटी द्यायची ती या उड्यांना. निष्कर्षाला नव्हे, आणि दिलेल्या माहितीलाही नव्हे. हे लक्षात आले, की चुकीचे चार पर्याय का चुकीचे आहेत ते आपोआप उलगडते.

(अ) फक्त विषयाला धरून आहे. डोकेदुखी होती म्हणून ती कॅमेऱ्यांनी गेली, असे काही त्यातून निघत नाही. (आ) हा हुशार सापळा आहे. ‘आकडे खरे आहेत’ हे ऐकून बरे वाटते, पण आकडे खरे आहेत हे आपण आधीच मान्य केलेले असते. या परीक्षांचा अलिखित करारच असा, की उताऱ्यात दिलेली माहिती खरी धरायची आणि भांडण फक्त त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी करायचे. मान्य केलेलीच गोष्ट पुन्हा सिद्ध करून पदरात काही पडत नाही. (उ) मध्ये तज्ज्ञ आहेत, तंत्रज्ञान आहे, सगळे भारदस्त आहे. पण ‘गुन्हेगारी’ हा शब्द दुचाकीच्या चोरीपासून बँकेच्या फसवणुकीपर्यंत पसरलेला, आणि ‘अनेक तज्ज्ञ मानतात’ हे या शहरात या वर्षी काय घडले याबद्दल काहीच सांगत नाही. फार तर चिमूटभर आधार मिळेल. प्रश्नात ‘सर्वांत जास्त’ असे म्हटलेले असते ते यासाठीच.

(इ) मात्र उलटाच आहे. तो युक्तिवाद कमकुवत करतो. तरीही घाईत तो निवडणारे कमी नसतात, आणि त्यात नवल नाही. तो नेमक्या त्याच फटीला हात घालतो, जिथे बरोबर पर्यायाने हात घालायचा असतो. ‘हे संबंधित आहे’ एवढे मेंदूला जाणवते आणि बोट तिथेच थांबते. दिशा तपासायची राहून जाते. माझ्या मते या प्रकारातला सर्वांत महागडा सापळा हाच, कारण त्यात अभ्यास केलेला उमेदवारही अडकतो.

आता बरोबर उत्तराकडे पुन्हा पाहा. (ई) मुळे युक्तिवाद सिद्ध होतो का? अजिबात नाही. शेजारच्या शहरात घट नाही, म्हणजे राज्यभर किंवा त्या पट्ट्यात सगळीकडेच चोऱ्या घटल्याची शक्यता मागे पडते. पण याच शहरात एखादी टोळी पकडली गेली असेल, त्याचे काय? गस्त वाढली असेल तर? हे प्रश्न तसेच उभे आहेत. गणितात चांगले असलेले काही विद्यार्थी अशाच जागी बरोबर पर्याय टाकून देतात. ‘यातून सिद्ध होत नाही’ हे त्यांचे म्हणणे खरे असते, पण सिद्ध करा असे कुणी सांगितलेलेच नसते. पारडे होते त्यापेक्षा निष्कर्षाच्या बाजूला किती झुकले, एवढेच विचारलेले असते.

आणि झुकले कसे, हे पाहिले तर या साऱ्या प्रकरणाचे मर्म हाती येते. (ई) ने कॅमेऱ्यांची बाजू घेतलेली नाही. त्यात कॅमेऱ्यांचे कौतुकही नाही. त्याने प्रतिपक्षाच्या एका म्हणण्याची वाट अडवली आहे. म्हणून बळकटी शोधण्याआधी क्षणभर विरोधी पक्षाचा वकील व्हावे लागते. समोरचा काय म्हणेल हे सुचले नाही, तर कोणता पर्याय त्याचे तोंड बंद करतो हे कसे कळणार?

याची इतिहासातली उत्तम केस लंडनची आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ भडकली. काही आठवड्यांत सहाशेच्या वर माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांचे म्हणणे होते, की ही साथ ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरली. त्यांचा पहिला पुरावा असा, की बहुतेक मृत्यू त्या पंपाच्या जवळपास राहणाऱ्यांचे होते.

आजच्या वाचकाला एवढे पुरेसे वाटेल, कारण पटकी पाण्यातून पसरते हे त्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या काळच्या जाणकारांचे मत वेगळे होते. रोग दूषित हवेतून, घाणीच्या दुर्गंधीतून येतो, असे ते मानत. त्यांच्या जागी बसून पाहा. पंपाजवळ राहणारे लोक एकच पाणी पीत होते हे खरे, पण ते एकच हवाही घेत होते. मृत्यू पंपाभोवती दाटलेले आहेत ही गोष्ट पाण्याच्या बाजूला जितकी लागू पडते तितकीच हवेच्या बाजूलाही. दोन्ही पक्षांना सारखी मानवणारी माहिती कुणालाच बळकटी देत नाही. पंपाजवळचे मृत्यू शंभराऐवजी पाचशे मोजले, तरी या वादापुरते पारडे जिथल्या तिथे.

स्नो यांना हे पुरते कळत होते. म्हणून ते नियमात न बसणाऱ्या घटनांच्या मागे लागले. ब्रॉड स्ट्रीटवरच एक बिअरचा कारखाना होता. तिथे सत्तरच्या वर कामगार काम करत, पण मृतांच्या यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की कामगारांना बिअर मिळत असे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाकडे कुणी फिरकत नसे. जवळच गरिबांसाठीचे आश्रयगृह होते. चहूबाजूंनी साथीने वेढलेले, आत ५३५ माणसे, आणि पटकीने मेलेली अवघी पाच. तिथेही स्वतःची विहीर होती. हवा तीच, पाणी वेगळे, रोग जवळजवळ नाही.

याच्या नेमकी उलटी घटना हॅम्पस्टेडची. तिथे राहणारी एक विधवा बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडायची, की ती गाडीवाल्याकडून रोज बाटलीभर पाणी मागवून घ्यायची. ३१ ऑगस्टला आलेले पाणी ती प्यायली आणि २ सप्टेंबरला पटकीने गेली. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्यायली, इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही दगावली. दोघी राहत होत्या त्या भागांत तेव्हा पटकी नव्हती. हवा वेगळी, पाणी तेच, रोग हजर.

आता हे परीक्षेच्या भाषेत मांडा. ‘पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, पाण्याच्या युक्तिवादाला सर्वांत जास्त बळकटी देते?’ पर्यायांत पंपाजवळचे आणखी शंभर मृत्यू असतील आणि हॅम्पस्टेडची एकटी बाई असेल, तर उत्तर ती बाई आहे. संख्येला भुलणारा उमेदवार इथे चुकतो. त्या एका मृत्यूचे स्पष्टीकरण हवेच्या पक्षाला देता येत नाही. शंभरांचे देता येते.

या गोष्टीचा सर्वांत गाजलेला भाग युक्तिवाद म्हणून सर्वांत लंगडा आहे, हे मला फार गंमतीचे वाटते. स्नो यांनी ७ सप्टेंबरला तिथल्या स्थानिक मंडळापुढे आपले म्हणणे मांडले, दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला, आणि साथ ओसरली. पाठ्यपुस्तकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत ही कथा ‘आणि अशा रीतीने सिद्ध झाले’ या थाटात सांगतात. पण दांडा काढला तोवर मृत्यूंचा आकडा आधीच घसरू लागला होता आणि भीतीने बरेच लोक तो भाग सोडून गेले होते. स्वतः स्नो यांनी हे लिहून ठेवले आहे. दांड्याची घटना म्हणजे आपल्या कॅमेऱ्यांचाच मामला: नंतर झाले, म्हणून त्यामुळे झाले.

मोठी बळकटी त्यांनी दुसरीकडून मिळवली. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन खासगी कंपन्यांच्या नळवाहिन्या एकाच रस्त्यावरून जात होत्या. शेजारच्या दोन घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी असे. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली पाणी उचलण्याची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेली होती. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलेच घाण पाणी उचलत होती. रस्ता तोच, हवा तीच, गरीब-श्रीमंत दोन्हीकडे सारखेच मिसळलेले. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५. हवेच्या पक्षाला, दारिद्र्याच्या पक्षाला, वस्तीच्या दाटीच्या पक्षाला इथे बोट ठेवायला जागाच उरत नाही. शेजारच्या शहराशी तुलना करणारा आपला (ई) पर्याय याच जातीचा आहे, फक्त फार लहान.

आणखी एक पात्र राहिले. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले तरुण धर्मोपदेशक स्नो यांच्या मताला खोडून काढायला निघाले होते. वस्तीतल्या घराघरांत त्यांची ओळख होती. कोण पंपाचे पाणी प्यायले, कोण नाही, कोण मेले, कोण जगले, हे ते दारोदार विचारत गेले आणि जितके खोलात गेले तितके स्नो यांचेच म्हणणे पटत गेले. शेवटी त्यांनीच ४० क्रमांकाच्या घरातले आजारी तान्हे बाळ शोधून काढले. त्याच्या लंगोटांचे पाणी पंपाच्या विहिरीला लागून असलेल्या मैलाखड्ड्यात टाकले जात होते. युक्तिवादाला सर्वांत भक्कम आधार विरोधकाने मिळवून दिला, कारण विरोधकालाच फटी कुठे आहेत ते दिसत होते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुरावरून आगीचे अनुमान करायला शिकवताना दोन दाखले शेजारी ठेवतात. स्वयंपाकघरात धूर असतो आणि आगही असते, हा अन्वय. तळ्यात आग नसते आणि धूरही नसतो, हा व्यतिरेक. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे संस्कृत पाठशाळांत आजही पहिल्यांदा हाती दिल्या जाणाऱ्या पुस्तकात, हे दोन्ही आहेत. हॅम्पस्टेडची बाई अन्वय आहे, बिअरचा कारखाना व्यतिरेक. नैयायिक आणखी एक पाऊल पुढे गेले. उलट बाजूने, आग दिसली म्हणून धूर असेल असे अनुमान करता येईल का? ते म्हणतात नाही, कारण धूर यायला ओले लाकूड लागते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. अशा लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. परीक्षेतल्या ‘दुसऱ्या कारणा’चा शोध घेताना आपण उपाधीच शोधत असतो. क्लासच्या नोट्समध्ये ‘अल्टरनेट कॉज’ म्हणून जे सापडते, त्याचा विचार आपल्याकडे असा फार पूर्वीपासून झालेला आहे.

कारण सांगणाऱ्या युक्तिवादांवर मी इतका वेळ घालवला, कारण परीक्षेत तेच सर्वांत जास्त सापडतात. त्यांच्या खालोखाल येतात योजना सुचवणारे. त्यांची फट वेगळी असते, म्हणून एक उदाहरण पाहू.

एका तालुक्यात उसाला पाटाने पाणी दिले जाते आणि भूजलपातळी दरवर्षी खाली जाते. ठिबक सिंचनाला त्याच क्षेत्रासाठी बरेच कमी पाणी लागते. म्हणून शासनाने सर्व ऊस ठिबकवर आणला, तर तालुक्यातला भूजलाचा उपसा कमी होईल.

ऐकायला बिनतोड वाटते. आता विरोधी वकील व्हा. वाचलेल्या पाण्याचे शेतकरी काय करील? पाणी शिल्लक आहे म्हटल्यावर तो पलीकडची जिरायती दोन एकरही उसाखाली आणील. एकरी उपसा कमी, एकूण उपसा होता तेवढाच. ज्याने गावाकडची शेती पाहिली आहे त्याला हा आक्षेप सुचायला वेळ लागणार नाही. मग बळकटी देणारा पर्याय असा काहीसा असेल: ‘तालुक्यात लागवडीयोग्य सर्व जमीन आधीच उसाखाली आहे.’ वरवर पाहता या वाक्यात ठिबक नाही, पाण्याची बचत नाही, भूजलही नाही. शब्द जुळवत बसणारा उमेदवार ते पहिल्याच फेरीत काट मारून बाद करतो आणि ‘ठिबकमुळे उसाचे उत्पादनही वाढते’ यावर खूण करतो. उत्पादन वाढले तर छानच, पण निष्कर्ष उपशाबद्दल आहे. योजनेच्या प्रश्नात योजना चांगली आहे का, हे विचारलेलेच नसते. जो हेतू सांगितला आहे तो तिने साधेल का, एवढेच विचारलेले असते.

सर्वेक्षणावर उभे असलेले युक्तिवाद त्या मानाने सरळ असतात: निवडलेली माणसे सगळ्यांसारखी आहेत, असे सांगणारा पर्याय शोधायचा. साधर्म्यावर उभे असलेल्यांत दोन गोष्टी मुद्द्याच्या बाबतीत सारख्या आहेत, हे सांगणारा. यावर पाने खर्चण्याची गरज नाही.

गृहीतक ओळखण्याच्या प्रश्नाशी या प्रश्नाची गल्लत मात्र फार होते. तिथे एक युक्ती शिकवतात: पर्यायाला नकार देऊन पाहा, युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक. ‘बसवलेले कॅमेरे चालू होते’ हे कॅमेऱ्यांच्या युक्तिवादातले आवश्यक गृहीतक आहे (आपल्या शहरांचा अनुभव पाहता ते लहान नाही). कॅमेरे बंद होते म्हटले, की सारे संपले. पण हीच युक्ती बळकटीच्या प्रश्नात वापरली तर दगा देते. (ई) ला नकार द्या: शेजारच्या शहरातही तक्रारी घटल्या. युक्तिवाद दुबळा झाला, पण कोसळला नाही. दोन्ही शहरांत वेगवेगळ्या कारणांनी घट झाली असू शकते. कोसळत नाही म्हणून (ई) बाद करणारा विद्यार्थी दुसऱ्या कुलपाची किल्ली फिरवत बसलेला असतो.

शब्दांच्या जोराबद्दलही असेच. ‘उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो’ या प्रश्नात ‘सर्व’, ‘कधीच नाही’, ‘एकमेव’ असे शब्द दिसले की सावध व्हायला शिकवतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे पर्याय उताऱ्यातून सिद्ध व्हावा लागतो. बळकटीच्या प्रश्नात हिशेब फिरतो. ‘खरे मानल्यास’ हे शब्द पर्यायाच्या खरेपणाची जबाबदारी आपल्यावरून काढून घेतात. ‘त्या वर्षी शहरात चोरीवर परिणाम करू शकेल असे दुसरे काहीही बदलले नाही’ हे वाक्य प्रत्यक्षात कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही, पण पर्याय म्हणून समोर आले तर ते पहिल्या पसंतीचे आहे. उलट ‘काही’, ‘कधीकधी’, ‘असू शकते’ असे सौम्य शब्द इथे बहुधा निरुपयोगी ठरतात. काही चोर कॅमेऱ्याला घाबरतात, बरे, मग?

‘खरे मानल्यास’चा दुसरा अर्थही पचवायला हवा. पर्याय आपल्याला पटतो की नाही याला महत्त्व नाही. मोबाइलमुळे मुलांचा अभ्यास बिघडतो असे मानणाऱ्या उमेदवारासमोर मोबाइलच्या बाजूचा युक्तिवाद आला, की त्याचा हात आपोआप दुबळ्या पर्यायाकडे जातो. वकिली ही मुळात दुसऱ्याची बाजू मांडण्याची विद्या आहे. त्यामुळे कायद्याच्या प्रवेशपरीक्षांना हा प्रश्नप्रकार इतका का आवडतो, हे वेगळे सांगायला नको.

‘पुढीलपैकी एक सोडून सर्व विधाने बळकटी देतात’ असा उलटा प्रश्न आला, तर वेगळे पडणारे विधान युक्तिवादाच्या विरोधात असलेच पाहिजे असे नाही. ते निव्वळ असंबद्धही असू शकते आणि पुष्कळदा तसेच असते. विरोधातले वाक्य शोधत पाचही पर्याय तीन-तीनदा वाचणाऱ्यांचा इथे फार वेळ जातो.

वेळेचे बोलायचे तर क्लॅटमध्ये १२० प्रश्नांना १२० मिनिटे मिळतात आणि त्यातच उतारे वाचायचे असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर प्रश्न सोडून देण्यापेक्षा उत्तर देणे फायद्याचे: अशा आठ प्रश्नांत चार बरोबर आले तरी चार गुण मिळून एक जातो. चारही पर्याय सारखेच धूसर असतील तर पुढे जावे. काही वेळा दोष प्रश्नाचाच असतो; घाईने बेतलेल्या सराव-चाचण्यांत दोन पर्याय खरोखर तुल्यबळ सापडतात आणि उत्तरतालिकेतले स्पष्टीकरण ओढूनताणून लिहिलेले असते. अशा प्रश्नावर डोके आपटण्यात अर्थ नाही.

सराव करताना एक सवय लावून घ्या. उतारा वाचून झाला की पर्याय हाताने झाका आणि समासात एका ओळीत विरोधकाचा आक्षेप लिहा: ‘गस्त वाढली असेल’, ‘जास्त जमीन उसाखाली जाईल’. मगच हात काढा. सुरुवातीला याला वेळ लागतो, म्हणून पहिले काही आठवडे घड्याळ बाजूलाच ठेवा. चुकलेल्या प्रश्नासमोर नुसते बरोबर अक्षर लिहू नका. आपण निवडलेला पर्याय विषयाला धरून होता म्हणून फसवून गेला, मान्य माहितीच पुन्हा सांगत होता, की दिशेने उलटा होता, ते लिहा. दोन-तीन चाचण्यांनंतर आपण नेमके कुठे घसरतो ते वहीतच दिसेल. साहित्यासाठी फार खर्चाची गरज नाही. क्लॅटच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ती परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि एलसॅट घेणारी संस्थाही काही पूर्ण सरावपत्रिका विनामूल्य देते. आधी त्या संपवा, बाजारातले जाडजूड ठोकळे नंतर विकत घ्या.